दोन ते पाच

दोन वाजता फाउश्तु खांद्याला हात लावतो.
आठवणीनं उजव्या बाजूला उभा राहतो,
डावा कान माझा मार्चमध्ये गेला.
थर्मासमध्ये कॉफी आहे, हे खुणेनंच सांगतो
आणि माझ्या अंथरुणाची ऊब वाया जाऊ न देता
तसाच त्यात शिरतो, बुटांसकट.

पट्ट्याचा हूक मी दोरात अडकवते. खट्.
नोंदवहीत लिहिते: वारा नैऋत्य, पंधरा. दिशा पंचाहत्तर.
बर्म्युडा सोडून अकरा रात्री, फायाल अजून सहाशे मैल.
दिवे दिसत नाहीत.
हे शेवटचं वाक्य दरवेळी
जरा नीट अक्षरात येतं, का कोण जाणे.

एकतीस वर्षं मी पियानो जुळवले.
ओर्ताच्या शाळेतला, चर्चमागच्या खोलीतला,
डॉक्टर लासेर्दांच्या विधवेचा, जो कुणीच वाजवत नाही,
तरी दर सप्टेंबरात ती बोलवायची,
निघताना ओंजळभर अंजिरं द्यायची.
दोन तारा जवळ येतात पण एक होत नाहीत
तेव्हा त्यांच्यामध्ये एक लाट उठते,
हलकी, वाँव, वाँव.
ती मोजायची, लांबवत न्यायची, विझवायची.
काम एवढंच.
मार्चनंतर ती लाट सापडेना.
हत्यारांची पेटी फडताळावर गेली,
तिच्यावर चादरी.

फाउश्तु म्हणाला, बोट घरी आणायची आहे,
एक माणूस कमी पडतोय.
मी म्हटलं, मला अर्धंच ऐकू येतं.
म्हणाला, समुद्र दुप्पट बोलतो.
मासळीच्या लिलावात ओरडण्यात जन्म गेलेला माझा भाऊ,
त्याला असली वाक्यं एरवी सुचत नाहीत.

पहिल्या रात्री जीव मुठीत धरून बसले होते.
एका कानाला दिशा नसते. सगळं उजवीकडूनच येतं,
शीड, पाणी, स्वतःचा श्वाससुद्धा.
म्हणजे जहाज आलं तर डावीकडूनच येणार,
न सांगता, डोंगरासारखं.
पहाटेपर्यंत डावीकडे बघून बघून
मान आखडली.

आज मान सरळ आहे.
कधी सुटली, कळलं नाही.
अभिजित डोलकाठीच्या टोकाला लागतो,
सुटतो, पुन्हा लागतो,
नेम चुकतोय याचं त्याला काही नाही.
मागे पाण्यात आमची वाट हिरवट पेटते
आणि दहा हातांवर विझून जाते.
मी कॉफी ओतते, थोडी सांडते,
समुद्र ती पिऊन टाकतो.

तोल जातो म्हणून डोलकाठीच्या तारेला धरते,
गाल टेकतो तारेला,
आणि कवटीत, हाडाच्या आत,
सबंध बोट वाजू लागते.
काळी दोन. नाही, जरा खाली.
शेजारची आखूड तार तिच्याहून केसभर वर,
आणि दोघींच्या मध्ये, मावशीसारखी, ती:
वाँव,
वाँव.

किती वेळ तशीच उभी होते.
बोटं आपोआप मोजत होती,
अंगठ्यानं पेरं, पेरांवरून पुढचं बोट.
मळसूत्राला पाव फेरा दिला तर मिटेल,
पाना हाताशी आहे, खोक्यातच, मला दिसतोय.
नाही दिला.
हिला चालू दे.
लासेर्दाबाईंच्या पियानोलाही, वाटतं,
कानाऐवजी दात टेकवून बघावेत.
बाई हसतील. अंजिरं तरी देतील.

पूर्वेला कोर चढली, नखाएवढी,
तिच्यामागून कृत्तिका पुसट व्हायला लागल्या.
पाच केव्हाच वाजून गेले होते.
सहाला फाउश्तु आपणहून वर आला, केस उभे,
उठवलं का नाहीस म्हणून कुरकुरत नोंदवही उघडली,
वाऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून
मोठ्यानं वाचलं:
काळी दोन, जरा खाली.
माझ्याकडे पाहिलं. आकाशाकडे पाहिलं.
ही कुठली दिशा, म्हणाला,
डाव्या बाजूला उभा राहून,
आणि मला ऐकू आलं.